सीसीटी५: एकच अमिनो आम्ल बदललं तर
पेशीत प्रथिनांना घडी घालणारं सीसीटी हे अनेक प्रथिनांचं मोठं, पिंपासारखं संकुल आहे. त्यातल्या एकाच घटकाचं जनुक बिघडलं तर काय मोठं होणार, असा प्रश्न पडू शकतो. त्यातला सीसीटी५ हा घटक बघा. हे पिंप म्हणजे एकमेकांना चिकटलेली दोन कडी, प्रत्येकात ८ वेगवेगळे घटक. अ‍ॅक्टिन, ट्यूब्युलिन ही पेशीच्या सांगाड्याची प्रथिनं आत शिरतात, एटीपी हे पेशीचं इंधन खर्ची पडून झाकण मिटतं आणि त्यांना आकार येतो. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; सीसीटी५च्या साखळीत १४७व्या जागी हिस्टिडिन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनिन, एवढाच बदल २००६ साली मोरोक्कोतल्या एका कुटुंबात सापडला. जनुकाच्या दोन्ही प्रती तशा असलेल्यांचे पाय ताठरले, हातापायांची संवेदना गेली. जखम झालेली कळत नाही, ती चिघळत जाते. वेदना न होणं हे किती भयंकर असतं, ते हे वाचताना मला पहिल्यांदा नीट कळलं.