एकाच अंड्यांच्या पिशवीतल्या टॅरंटुला भावा-बहिणीची जोडी लावावी का?

कोळीवेडा: माझ्याकडे ब्रॅकिपेल्मा हमोरी या टॅरंटुला कोळ्याचा नर आणि मादी आहेत, दोन्ही एकाच पिशवीतली म्हणजे सख्खी भावंडं. नराने वयात येतानाची शेवटची कात टाकलीये, पुढच्या पायाचे हुक मस्त दिसतायत, स्पर्म वेबपण (वीर्य ठेवायचं जाळं) विणलं. त्याला मुद्दाम कमी खायला देऊन गारव्यात ठेवलं होतं म्हणून त्याची वाढ मंदावली आणि दोघं एकाच वेळी वयात आली. जोडी लावू का? काही जण म्हणतात कोळ्यांना इनब्रीडिंगने (जवळच्या नात्यात जोडी लावल्याने) काही होत नाही.

आठपाय: नको लावू. नराचं जे लवकर वयात येणं तू मागे खेचून धरलंस ना तीच निसर्गाची सोय आहे, नर बहिणींच्या बराच आधी वयात येतो, मादी शोधत दूर भटकतो आणि साधारण वर्षभरात मरतो, बहीण तोवर लहानच असते. "काही होत नाही" म्हणणारे एक पिढी बघून बोलतात. पहिल्या खेपेला बरीच स्लिंग्ज (छोटी पिल्लं) धडधाकट निघतीलही, पण दोन्हीकडून सारखंच सदोष जनुक आलं की पुढे अंडी कमी फुटणं, कातीत अडकून मरणं असं दिसायला लागतं आणि तेव्हा दोष गरमी-ओलाव्याला दिला जातो.

रेशीमधागा: आकड्यात सांगतो. सख्ख्या भावंडांच्या पिल्लांचा इनब्रीडिंग गुणांक, म्हणजे एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता, २५ टक्के येतो (आईबाप एकमेकांच्या नात्यातले नसतील तर). त्यातल्याच मादीला पुढे बिननात्याचा नर दिला की तिच्या पिल्लांचा परत शून्य! पण जी जनुकं वाटेत हरवली ती हरवलीच. आणि एका पिशवीतून शेकडो स्लिंग्ज निघतात हो, त्यामुळे बाजारात एखादी जात भरपूर दिसली तरी ती सगळी दोन-चार माद्यांची असू शकतात. मला याचीच जास्त काळजी वाटते.

कोळीवेडा: मग बाहेरचा नर बिननात्याचा आहे हे ओळखायचं कसं?

आठपाय: नुसतं बघून नाही कळत. पिशवी कधीची, आईबाप कुठून आले हे विचार, ज्याला सांगता येत नाही त्याचा नर घेऊ नकोस. आणि जात नीट तपास, २०१७ मध्ये वर्गीकरण सुधारलं त्याआधी हमोरी सर्रास स्मिथी या दुसऱ्या जातीच्या नावानेच विकली जायची, तेव्हा जुन्या लेबलवर जाऊ नको. नवं रक्त हवं म्हणून संकर झाला तर दोन्ही जातींचं नुकसान.

रेशीमधागा: तुझा नर वाया घालवू नकोस मात्र, त्याच्याकडे वेळ कमी आहे. बिननात्याची मादी असलेल्या कुणाला तरी दे, पिल्लं अर्धी-अर्धी ठरवून घे. मादीला घाई नाही, ती पुढे कितीतरी वर्षं पिशव्या देईल. फक्त तिच्यासाठी नर आणशील तेव्हा कात जवळ आलेली नाही ना ते बघ, कातीबरोबर साठवलेलं स्पर्मपण जातं.

कोळीवेडा: ठीक, नराची कात आणि पिशवीची तारीख लिहून ठेवलीये, उद्याच विचारपूस सुरू करतो.