२२४ शब्दांच्या पुस्तकाचं एवढं काय कौतुक?

चष्मिष्ट:
पोरगी साडेतीन वर्षांची झाली, बहिणीने तिला एरिक कार्लचं 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' दिलं. जाड पुठ्ठ्याचं. मी आधी किंमत बघितली, मग वाचलं, दोन मिनिटंही लागली नाहीत. एक अळी सोमवारी एक सफरचंद खाते, मंगळवारी दोन पेअर, असं करत करत शनिवारी नको नको ते हादडते, पोट दुखतं, मग कोषात जाते आणि फुलपाखरू होते. संपलं. सगळे मिळून २२४ इंग्रजी शब्द, माझा रजेचा ईमेल याहून मोठा असतो! १९६९ पासून ५ कोटींच्या वर प्रती खपल्यात, ६० च्या वर भाषांत गेलंय, आणि मे २०२१ मध्ये कार्ल ९१ व्या वर्षी गेला तेव्हा फीडभर श्रद्धांजल्या. माझं म्हणणं एवढंच, माणूस डिझायनर भारी होता पण 'लेखक' म्हणून डोक्यावर घ्यायचं कारण मला तरी दिसत नाही. आणि त्याचं बालपण युद्धात करपलं ही स्टोरी चिकटवून पुस्तकाला वजन आणतात तेही पटत नाही. चुकत असेन तर सांगा.

कात्रीवाली:
तुम्ही ते पुस्तक वाचलंत, हातात घेतलं नाहीत, तिथेच घोळ झाला. सोमवारचं पान बघा, अगदी अरुंद पट्टी. मंगळवारचं थोडं रुंद. फळं वाढतात तसं पान वाढतं आणि प्रत्येक फळाला आरपार भोक. मुलं ऐकतात कमी, बोट घालतात जास्त! आता हे 'डिझाइन' म्हणून बाजूला काढलं तर उरतं काय, तुमचे ते २२४ शब्द. त्याला मुळात ही गोष्ट सुचलीच कागदाला पंचिंग मशीनने भोकं पाडताना, आधी ती विली नावाच्या किड्याची गोष्ट होती, संपादक ॲन बेनेड्यूस बाईंना किडा फारसा रुचला नाही आणि बोलता बोलता त्याची अळी झाली. असली लहानमोठी पानं आणि भोकं अमेरिकेत छापायला परवडेना म्हणून त्यांनी जपानमध्ये छापखाना शोधला. म्हणजे भोक आधी, गोष्ट नंतर. याला लेखन नाही म्हणायचं तर मग कशाला म्हणायचं?

खडूस_काका:
छपाईचं कौतुक करा की, कोण नाही म्हणतंय. पण मग लेखक कशाला म्हणायचं, मुद्दा तोच आहे ना? हा माणूस जाहिरात एजन्सीत आर्ट डायरेक्टर. त्याच्या एका जाहिरातीतला लाल लॉबस्टर बिल मार्टिन ज्युनियर या बालसाहित्यिकाने बघितला आणि आपल्या 'ब्राउन बेअर' या पुस्तकाची चित्रं त्याच्याकडून करून घेतली, १९६७ साली. त्या पुस्तकातले शब्द मार्टिनचे. आणि स्वतः लिहायला बसला तर काय, फुलपाखरू ककूनमधून बाहेर काढलं! ककून पतंगाचा असतो, फुलपाखराचा क्रिसॅलिस. लोकांनी दाखवून दिलं तरी पठ्ठ्याने बदललं नाही, म्हणे लहानपणी वडील मला ककूनमधून बाहेर ये म्हणायचे, म्हणजे जरा मोकळा हो. पोरांच्या पुस्तकात चुकीचं विज्ञान चालतं का?

पोपटी:
काका, मराठीत हे भांडण होतच नाही 😄 रेशीमकिड्याचाही कोष आणि फुलपाखराचाही कोषच. आपल्याला खरा प्रॉब्लेम वेगळाच आहे, कॅटरपिलरला सुरवंट म्हणायचं की अळी? सुरवंट म्हटलं की माझ्या तर आधी अंगाला खाज सुटते.

गुळपोळी:
मला त्याचा तो किस्सा जाम आवडतो, पोटदुखीवरून प्रकाशकाशी भांडलेला. की शनिवारी एवढं खाल्लं त्याची शिक्षा कशाला, पोराला मजेत खाऊ द्या. कार्ल गेला तेव्हा हा किस्सा सगळीकडे फिरत होता. खरा लेखकच असं भांडतो.

कात्रीवाली:
गुळपोळी, मी तुमच्याच बाजूची आहे पण तो किस्सा खोटा आहे हो. 'पॅरिस रिव्ह्यू' या साहित्यिक मासिकाच्या साइटने २०१५ च्या एक एप्रिलला गंमत म्हणून बनावट मुलाखत छापली होती, त्यातला आहे. तो वारल्यावर लोकांनी खरा समजून शेअर केला.

गुळपोळी:
अरेरे. इतकी वर्षं मी तो लोकांना सांगतेय.

ठाणे_लोकल:
चष्मिष्ट, युद्धाची स्टोरी चिकटवलेली नाहीये, फक्त लोक ती चुकीच्या जागी चिकटवतात. युद्धात सगळं करडं होतं म्हणून पुस्तकांत रंग आले वगैरे लिहितात, ते मलाही जरा फिल्मी वाटतं. माझ्या मते खरी गोष्ट वडिलांची आहे. जन्म १९२९ चा, अमेरिकेत सिराक्यूजचा, वडील हात धरून रानात न्यायचे, दगड उचलून खालचे किडे दाखवायचे आणि पुन्हा नीट होते तसे ठेवायचे. मग आईला माहेरची ओढ, १९३५ मध्ये सगळे जर्मनीत श्टुटगार्टला. पोरगा दहाचा व्हायच्या सुमाराला वडील सैन्यात गेले ते रशियनांच्या कैदेत अडकून १९४७ च्या शेवटी परत आले, वजन ८५ पौंड, म्हणजे ३९ किलोसुद्धा नाही. पोरगा तोवर अठराचा. आता त्याच्या पुस्तकांत कोण कोण आहे बघा, अळी, कोळी, रातकिडा, काजवा, लेडीबग. कोळ्याच्या पुस्तकात जाळं बोटाला लागतं, रातकिड्याच्या पुस्तकात शेवटच्या पानाला खरंच किर्र आवाज येतो. दगडाखालचे किडे दाखवणं आयुष्यभर चालूच ठेवलंन की हो त्याने.

खडूस_काका:
हे छान लिहिलंत. पण चरित्र छान म्हणून पुस्तक छान होत नाही. माझं मत कायम.

शाईपेन:
मला एक कळत नाही, चित्रं आणि शब्द एकाच माणसाचे असले की आपण लगेच त्याला चित्रकाराच्या खात्यात का टाकतो? आपल्याकडे माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात, स्वतः चित्रं काढतात, साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालाय त्यांना २०१४ चा, त्यांना डिझायनर म्हणाल का? अर्थात त्यांची तुलना कार्लशी नको, त्यांच्या पुस्तकांत घरातली माणसं बोलतात, मराठी पोराला ती लगेच ओळखू येतात, कार्लकडे संवाद जवळजवळ नाहीतच. त्या अर्थाने चष्मिष्टचं थोडं बरोबर आहे, फक्त शब्द मोजून लेखक ठरवायचा असेल तर हायकूवाल्यांचं काय करायचं?

चष्मिष्ट:
बरं, काल रात्री परत काढलं, यावेळी पुस्तक तिच्याच हातात दिलं. पोरीने शब्द ऐकलेच नाहीत, प्रत्येक भोकात करंगळी घालून 'हे पण खाल्लं' म्हणत शुक्रवारच्या पाच संत्र्यांपर्यंत पोचली आणि मग उलटी सोमवारकडे आली. फुलपाखरापर्यंत गेलोच नाही. तर भोकांचा मुद्दा मान्य. लेखक-डिझायनर यावर अजून विचार करतोय, किंमत जास्त आहे यावर ठाम आहे. आणि शनिवारच्या पानावर केकनंतर आइस्क्रीम, आइस्क्रीमनंतर पिकल आहे, मी सरळ लोणचं म्हणून टाकलं तर पोरगी म्हणाली हे लोणचं नाहीये, काकडी आहे, लोणचं लाल असतं. आता काय वाचू?

पोपटी:
काकडीच वाचा. तिचं बरोबर आहे.