क्राइस्टचर्चचं उदाहरण

इंग्लंडमधल्या जिल्हा परिषदा लोकांच्या संमतीनेच विलीन झाल्या, असं म्हटलं जातं. हे सरसकट पटत नाही. इंग्लंडच्या डॉर्सेट काउंटीमधलं (काउंटी म्हणजे अनेक गावं-शहरं मिळून झालेला मोठा प्रशासकीय भाग) क्राइस्टचर्च शहर बघा. तिथे कचरा, घरबांधणी परवाने बरो कौन्सिलकडे, म्हणजे शहराच्या स्वतःच्या परिषदेकडे होते. शाळा, रस्ते काउंटीच्या परिषदेकडे होते. ही बरो कौन्सिल शेजारच्या बोर्नमथ आणि पूल या शहरांच्या परिषदांशी विलीन करायचं ठरत होतं. डिसेंबर २०१७ मध्ये कौन्सिलने त्यावर मतदान घेतलं, तेव्हा मत देणाऱ्यांपैकी ८४ टक्के लोकांनी विलीनीकरण नाकारलं! पण तो कौल सरकारवर बंधनकारक नव्हता. कौन्सिल हायकोर्टात गेली, २०१८ मध्ये तिथेही हरली. १ एप्रिल २०१९ पासून बोर्नमथ, पूल आणि क्राइस्टचर्च मिळून एकच परिषद आहे. खर्च वाचवायचा हे कारण मला समजतं, पण इतका स्पष्ट नकार बाजूला सारणं मला अन्यायच वाटतो.