रात्री लाइट गेली होती, फ्रिजमधलं काय ठेवू?

रिकामाकप्पा: दोन दिवस बाहेर होतो. आज दुपारी आलो तर ओव्हनवरचं घड्याळ लुकलुकतंय, म्हणजे लाइट जाऊन आली. फ्रिज आत्ता गार आहे. दूध, भात, उकडलेली अंडी, लोणी, सगळं जागच्या जागी, वास कशालाच नाही. फ्रीजरमधलं चिकन दगडासारखं आहे, फक्त पाकीट वेडंवाकडं झालंय आणि खाली लालसर बर्फ साचलाय. भात खळखळून गरम केला की चालेल ना?

भटारखाना: नाही. भातात जो बॅसिलस सेरियस नावाचा जंतू वाढतो, त्याचं विष उकळूनही जात नाही. जंतू मरतील, विष तसंच राहील. वासावर तर मुळीच जाऊ नका, आणि "जरा चाखून बघतो" हेही नको. आमच्या स्वयंपाकघरात चाखून बघणाऱ्याला आधी बाहेर काढतात.

दार बंद असेल तर खालचा भाग साधारण ४ तास तग धरतो. गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास, अर्धा भरलेला २४. दूध, भात, अंडी, मांस ४ अंशांच्या वर २ तासांहून जास्त राहिलं की फेकायचं. लोणी, जॅम, कडक चीज राहू द्या.

चिकनचं उत्तर पाकिटानंच दिलंय. वितळून पुन्हा गोठलंय ते.

सावधचिमणी: फ्रीजरमध्ये पेलाभर पाणी गोठवून वर नाणं ठेवा. नाणं तळाशी गेलं तर बर्फ वितळला होता.

भटारखाना: बरी युक्ती आहे, पण ती फ्रीजरपुरतीच. खालच्या कप्प्याचं काही कळत नाही. त्यापेक्षा फ्रिजचा थर्मामीटर घ्या. लाइट आल्याबरोबर बघितला तरच उपयोग.

रिकामाकप्पा: घड्याळ ९:४० दाखवतंय. लाइट आल्यावर ते १२ पासून सुरू होतं, म्हणजे पहाटे कधीतरी आली. शेजारी म्हणतात संध्याकाळीच गेली होती. भात, दूध, अंडी, चिकन सगळं टाकतो. जिवावर आलंय, पण ठीक. बर्फाचे तुकडे तरी ठेवू?

भटारखाना: चिकनचं पाणी गळलंय ना? मग तेही टाका. ट्रे आणि कप्पा साबणाने धुवा, आणि शेजारी ठेवलेल्या पाकिटांना ते पाणी लागलंय का बघा.