शाळेचा इतिहास मदरांच्या यादीतून लिहायचा की जनरल रजिस्टरातून?

गोदाकाठ

नाशिकमधील ज्या कॅथॉलिक मुलींच्या शाळेत मी बालवर्गापासून दहावीपर्यंत शिकले, तिच्या स्मरणिकेचे काम सध्या सुरू असून संपादन समितीत मीही आहे. शाळेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हा प्रश्न बहुतेक जुन्या कॉन्व्हेंट शाळांना लागू होणारा आहे आणि त्यावर समितीबाहेरच्या लोकांचीही मते मला हवी आहेत. इतिहासाच्या प्रकरणाचा जो मसुदा आमच्यासमोर आला आहे, त्यात मदर सुपीरियर आणि मुख्याध्यापिका यांची क्रमवार यादी आहे, कोणती इमारत कोणाच्या कारकिर्दीत उभी राहिली याचा तपशील आहे, बिशपांच्या भेटी आहेत आणि बोर्डाचे निकाल आहेत. हे सगळे असावेच. परंतु शाळा ज्यांच्यासाठी होती त्या मुलींपैकी त्यात केवळ गुणवत्ता यादीत आलेल्या आणि पुढे डॉक्टर वा अधिकारी झालेल्या मुली दिसतात.

आमच्या शाळेला दोन फाटके होती. रस्त्याकडच्या मोठ्या फाटकातून आम्ही फी भरणाऱ्या मुली येत असू. मागचे लहान फाटक अनाथालयाकडे उघडे आणि तिथल्या मुली त्याच आवारातल्या मराठी माध्यमाच्या वर्गांत जात. आमचा गणवेश बॉक्स प्लीटचा पिनाफोर आणि कमरेला पट्टा. त्यांचा निळा फ्रॉक वाढत्या अंगाला पुरत राहावा म्हणून खाली चार बोटे दुमडून शिवलेला असे. पुढे दुमड उसवली, की जुन्या घडीची गडद रेघ त्या फ्रॉकवर कायमची राही. त्या रेघा मोजून कोणती मुलगी किती वर्षे तिथे आहे हे आम्हाला कळत असे. वार्षिक फेटमध्ये, म्हणजे शाळेच्या आनंदमेळ्यात, त्यांनी विणलेले क्रोशाचे रुमाल आमच्या आया विकत घेत. मसुद्यात फेटला एक संपूर्ण पान आहे, रुमाल विणणाऱ्या मुलींना एक ओळही नाही.

ही दुहेरी व्यवस्था नाशिकमध्ये जन्मलेली नाही. 1860 पासून पुण्यात शाळा चालवणारा ‘जीझस अँड मेरी’ हा सिस्टरांचा संघ क्लोदीन तेवने यांनी 1818 मध्ये फ्रान्समधील लियों शहरात स्थापन केला. रेशमाच्या मागांच्या त्या शहरात त्यांनी एकीकडे गरीब मुलींसाठी रेशीमकामाची कार्यशाळा आणि दुसरीकडे सधन घरांतील मुलींसाठी निवासी शाळा चालवली. 1842 मध्ये याच संघाच्या सिस्टर आग्र्याला आल्या. एका आवारात दोन प्रकारच्या मुली वाढवण्याची ही पद्धत इतकी जुनी असेल, तर इतिहासही दोन्ही प्रकारच्या मुलींचा लिहायला हवा. माझे म्हणणे असे, की मदरांची यादी परिशिष्टात जावी आणि मुख्य प्रकरण जनरल रजिस्टरावरून, म्हणजे मुलींच्या प्रवेशाच्या नोंदवहीवरून, लिहिले जावे: कोणत्या वर्षी कोणत्या गावच्या, कोणत्या व्यवसायाच्या घरातील किती मुली आल्या आणि त्यांनी शाळा कोणत्या इयत्तेत, कोणत्या कारणाने सोडली.

मराठीच्या बाई

मी अशाच एका शाळेत एकोणतीस वर्षे मराठी शिकवले. बाकी साऱ्या शिक्षिकांना मुली ‘मिस’ म्हणत, मला मात्र ‘बाई’, आणि त्या संबोधनाचा मला अभिमान होता. म्हणूनच गोदाकाठताईंच्या प्रस्तावाला माझा विरोध मी सविस्तर मांडते.

मदरांची यादी परिशिष्टात टाकणे म्हणजे त्या संस्थेचा प्राणच परिशिष्टात टाकणे होय. मुलींना शिकवण्याचा हक्क या स्त्रियांना स्वतःच्या चर्चकडूनही सुखासुखी मिळालेला नाही. मेरी वॉर्ड या इंग्रज स्त्रीने 1609 मध्ये मठाच्या भिंतीआड न राहता मुलींना शिकवणाऱ्या स्त्रियांचा संघ उभारला. पोपने 1631 मध्ये तो बरखास्त केला आणि मेरी वॉर्ड यांना म्यूनिकमधील एका मठात कैदेत ठेवण्यात आले. तिथून त्यांनी आपल्या सोबतिणींना लिंबाच्या रसाने पत्रे लिहिली, जी कागद शेकल्याशिवाय दिसत नसत. संस्थापिका म्हणून चर्चने त्यांना मान्यता दिली ती 1909 मध्ये, म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षांनी. कलकत्त्याला 1841 मध्ये आलेल्या लोरेटो सिस्टर याच परंपरेतल्या. ज्या स्त्रियांची नावे त्यांच्याच संस्थेने इतका काळ दडपली, त्यांची नावे आपण पुन्हा मागच्या पानांवर ढकलावीत का?

आणि फी भरणाऱ्या मुलींच्या पैशावर दुसऱ्या मुली जेवत होत्या, हे सत्य ‘दोन फाटके’ म्हटल्याने झाकले जाते. माझ्या शाळेतील अनाथालयाला सरकारी अनुदान वेळेवर येत नसे, तेव्हा किराणा दुकानाची उधारी बोर्डिंगच्या फीतून भागवली जाई. ती वही मी डोळ्यांनी पाहिली आहे.

पिंपळगावकर

बाईंशी सहमत. आमची द्राक्षबाग आहे. माझ्या दोन्ही मुलींना मी बोर्डिंगमध्ये ठेवले, कारण आमच्या गावाहून सातवीनंतर मुलीने एसटीने ये-जा करावी हे घरात कोणालाही मान्य नव्हते, आणि सिस्टरांच्या स्वाधीन करायला मात्र माझी आईसुद्धा तयार झाली. माझ्या लेखी शाळेचा इतिहास हा त्या विश्वासाचा इतिहास आहे. फी जास्त होती, हे खरे आहे. छाटणीच्या हंगामात ती भरताना ओढाताण होई आणि दोनदा सिस्टरांनी ती पुढच्या हंगामापर्यंत थांबवली.

सातपूर

मी विरुद्ध बाजूने लिहितो आणि ते मनापासून लिहितो. माझी बहीण अशा शाळेत मराठी बोलल्याबद्दल दंड भरून घरी येत असे. वडील कारखान्यात कामगार होते. एकदा दंडाच्या चार आण्यांसाठी तिने आईकडे पैसे मागितले आणि कशासाठी, हे सांगितले नाही. आईला वाटले, मुलगी खाऊसाठी खोटे बोलते आहे, आणि तिने तिला मारले. ही गोष्ट आमच्या घरात अजून सलते. स्मरणिकेत ‘इंग्रजीचे उत्तम वातावरण’ असे लिहिले जाईल तेव्हा त्या वातावरणाची ही किंमतही लिहिली जावी.

दुसरे, कॉन्व्हेंटमुळे महाराष्ट्रात मुली शिकल्या, हा जो सूर अशा लेखनात असतो तो इतिहासाला धरून नाही. 1848 मध्ये पुण्यात भिडेवाड्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी शाळा काढली, तिचे माध्यम मराठी होते आणि ज्यांना कोणीच शिकवत नव्हते त्यांना त्यांनी शिकवले. त्याच्याही आधी, 1824 मध्ये, मुंबईत अमेरिकन मिशनने मुलींची शाळा सुरू केली होती, पण ते मिशन प्रोटेस्टंट होते. कॅथॉलिक शाळांचे श्रेय त्यांच्यापुरते ठेवावे. आज तर शिक्षण हक्क कायद्यातील पंचवीस टक्के राखीव प्रवेशातून अल्पसंख्याक शाळांना 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सूट आहे. गरिबांच्या सेवेची भाषा आणि ही सूट एकाच स्मरणिकेत कशी बसवणार?

शरणपूर रोड

सातपूर यांनी प्रोटेस्टंट आणि कॅथॉलिक असा भेद केला, याबद्दल त्यांचे आभार, कारण नाशिकमध्ये तो सहसा कोणी करत नाही. मी मराठी ख्रिस्ती आहे. शरणपूर ही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वसलेली वसाहत अँग्लिकन चर्च मिशनरी सोसायटीची. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुले तिथे शिकली आणि त्यांच्यातील काही 1866 मध्ये आफ्रिकेचे संशोधक प्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्याबरोबर आफ्रिकेत परतली. त्याचा या कॅथॉलिक सिस्टरांशी काहीही संबंध नाही, तरीही जुन्या शाळांच्या भाषणांत हे सगळे ‘मिशनऱ्यांचे कार्य’ म्हणून एकत्र कालवले जाते. कॅथॉलिकांसाठी नाशिक हा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतला विभाग, झाला तो 1987 मध्ये. तोवर आपण पुणे धर्मप्रांतात होतो. जुने कागद शोधायचे असतील तर समितीने पुण्याकडे आणि संबंधित संघाच्या मुख्य मठाकडे विचारणा करावी.

एक गोष्ट मात्र आमच्या समाजाच्या वतीने सांगतो. मागच्या फाटकाने आत गेलेल्या मुलींत आमच्या खेड्यांतल्या ख्रिस्ती घरांतल्याही मुली होत्या. त्यांच्यासाठी ते अनाथालय नव्हते, ते वसतिगृह होते. सगळ्यांना अनाथ म्हणू नका.

कायद्याचा विद्यार्थी

इंग्रजी माध्यमाच्या चर्चेत देवळालीचा उल्लेख व्हायला हवा, कारण हा देशपातळीवरचा प्रश्न आपल्या जिल्ह्यातील एका शाळेवरून सर्वोच्च न्यायालयात गेला. 6 जानेवारी 1954 रोजी मुंबई सरकारने परिपत्रक काढले, की इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत अँग्लो-इंडियन आणि आशियाबाह्य वंशाच्या नागरिकांखेरीज इतरांच्या मुलांना नवा प्रवेश देऊ नये. देवळालीची बार्न्स शाळा चालवणारी बॉम्बे एज्युकेशन सोसायटी, एक भारतीय ख्रिस्ती लष्करी अधिकारी आणि एक गुजराती हिंदू डॉक्टर न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने आणि मग 26 मे 1954 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक घटनाबाह्य ठरवले. बार्न्स ही कॅथॉलिक नाही आणि केवळ मुलींचीही नाही, परंतु निकालाचा लाभ राज्यातील सर्व कॉन्व्हेंटना झाला. निकाल उलट लागला असता, तर नाशिकरोडच्या मुद्रणालयांतील कर्मचाऱ्यांच्या, लष्करातील आणि 1964 नंतर ओझरच्या विमान कारखान्यात बदलून आलेल्यांच्या मुलींना या वर्गांत पाऊलही ठेवता आले नसते. सातपूरदादांच्या बहिणीलाही नाही. त्या मुलीवर झालेला अन्याय मी नाकारत नाही, पण दार सरकार बंद करत होते आणि शाळा ते उघडे ठेवण्यासाठी भांडत होती, हेही नोंदवावे.

सातपूर

नोंदवा, जरूर नोंदवा. दार उघडे होते म्हणून माझी बहीण आत गेली आणि आत गेल्यावर तिला स्वतःच्या भाषेत बोलायला बंदी होती. दोन्ही वाक्ये शेजारी छापा, एवढेच मागणे आहे.

गोदाकाठ

बाई, मेरी वॉर्ड यांच्याविषयी तुम्ही लिहिलेले वाचून मी माझ्या मागणीतील एक शब्द मागे घेते. परिशिष्ट नको. सिस्टरांची नावे मुख्य प्रकरणात राहावीत, पण त्यांच्या कामासह. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या, बाग करणाऱ्या, दवाखान्यात रात्र काढणाऱ्या सिस्टरांची नावेही त्यात यावीत. मसुद्यात फक्त अधिकारपदावरच्याच आहेत. मला आमची न्हाणीघर सांभाळणारी वृद्ध सिस्टर आठवते. तिला इंग्रजी जवळजवळ येत नसे, ती कोकणीमिश्रित मराठीत ओरडे, आणि त्या साऱ्या आवारात तिच्याशी मराठी बोलल्याबद्दल कोणाला कधीच दंड झाला नाही.

उधारीच्या वहीबद्दल मात्र माझे समाधान झालेले नाही. एकीच्या फीतून दुसरी जेवली, हे खरे असले तरी दोघी एका बाकावर बसल्या का, हा वेगळा प्रश्न आहे.

मराठीच्या बाई

बसू शकतात, हे एका कॅथॉलिक मुलींच्या शाळेनेच दाखवले आहे. कलकत्त्याच्या सियालदा येथील लोरेटो शाळेत सिस्टर सिरिल मूनी 1979 मध्ये मुख्याध्यापिका झाल्या. त्यांनी फी न भरणाऱ्या मुलींचे प्रमाण निम्म्याच्या आसपास नेले आणि त्यांना वेगळा विभाग न देता त्याच वर्गांत बसवले. स्टेशनच्या परिसरात राहणाऱ्या मुली कोणत्याही वेळी शाळेत येऊ शकत, आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थिनी कार्यानुभवाच्या तासाला एकेकीला समोर बसवून शिकवत. शाळेच्या गच्चीवर त्यांच्या राहण्याची सोयही झाली. 2007 मध्ये सिस्टर सिरिल यांना पद्मश्री मिळाली. हे उदाहरण मी सिस्टरांच्या बाजूने देते आहे. पण लिहिता लिहिता हेही कबूल करते, की जे तिथे होऊ शकले ते आमच्याकडे झाले नाही, आणि ते व्हावे असे मीही कधी शिक्षकसभेत उठून म्हटले नाही.

तरीही जनरल रजिस्टरावरून इतिहास लिहिण्यास माझा विरोध कायम आहे, आणि त्याचे खरे कारण आता सांगते. त्या रजिस्टरात ‘पालकाचे नाव’ या रकान्यात कित्येक मुलींपुढे संस्थेचे नाव लिहिलेले असते. त्यांतील अनेकींची लग्ने झाली, त्या नांदत्या आहेत, आणि आपण कुठे वाढलो हे त्यांनी सासरी सांगितलेले नाही. माझी एक विद्यार्थिनी दर दिवाळीला फोन करते, तोही घरात कोणी नसताना. तुमच्या स्मरणिकेच्या प्रती गावभर जाणार. तिच्या फ्रॉकवरची रेघ तुम्ही पुन्हा सगळ्यांना दाखवणार का?

गोदाकाठ

नावे छापण्याचा विचार माझ्या मनात नव्हता, पण तुम्ही म्हणेपर्यंत तो धोकाही लक्षात आला नव्हता, हे मान्य करते. नावाशिवाय फक्त वर्ष, तालुका, इयत्ता आणि शाळा सोडल्याचे कारण घ्यावे, असे सुचवते. ज्यांना स्वतःहून लिहायचे असेल त्यांच्यासाठी पाने राखून ठेवू, आणि त्या सांगतील त्याच नावाने छापू.

शरणपूर रोड

गाव अजिबात देऊ नका. लहान गावात एका वर्षी एकच मुलगी बाहेर शिकायला गेलेली असते. वर्ष आणि गाव वाचले, की ती कोण हे साऱ्या गावाला कळते.

मराठीच्या बाई

तालुक्याने ती कळणार नाही, एवढे मी मान्य करते. परंतु सोडल्याच्या कारणाचा रकाना छापण्याआधी तो एकदा स्वतः वाचून पाहा. मी वर्गशिक्षिका असताना दाखले लिहिले आहेत. ‘विवाह’ हे कारण तिथे कोणी लिहीत नसे, ‘घरगुती अडचण’ लिहीत. आठवीतल्या किती मुलींपुढे मी स्वतः ते दोन शब्द लिहिले, याचा हिशेब त्या रजिस्टरात माझ्याच अक्षरात आहे. समितीला परवानगी मिळाली, तर रजिस्टर वाचायला मी तुमच्याबरोबर बसेन. नावे छापू देणार नाही.