मदत हवी आहे: बहिणीच्या अंडाशयातील गाठ, ऑपरेशनआधी पेट (PET) स्कॅन, म्हणजे शरीरात कॅन्सर कुठे पसरलाय ते शोधणारा स्कॅन, करावा का?

बहीण १९ वर्षांची, अविवाहित. सोनोग्राफीत उजव्या अंडाशयात १४ सेंमीची घट्ट गाठ दिसली. एमआरआयमध्ये गाठीचे कप्पे आणि मधले पडदे स्पष्ट आहेत. डिसजर्मिनोमाची (अंडाशयातल्या बीजपेशींच्या कॅन्सरची) शंका लिहिली आहे. अशा गाठींमुळे रक्तात वाढू शकणारे घटक (ट्यूमर मार्कर) तपासले: एलडीएच खूप वाढलेलं, एएफपी आणि सीए-१२५ नॉर्मल, बीटा एचसीजी (गरोदरपणातही वाढणारं हार्मोन) किंचित जास्त. ती गरोदर नाही, हे सोनोग्राफीत पाहिलंय.

सुईने तुकडा काढायचा नाही, गाठ फुटली तर पेशी पोटात पसरतील, असं सर्जन म्हणाले, ते पटलं. दुसरं अंडाशय आणि गर्भाशय वाचवायचंच आहे. ऑपरेशन पुढच्या गुरुवारी. छाती-पोटाचा सीटी झालाय, पसरल्याचं दिसत नाही. पेट स्कॅनसाठी मुंबईला जावं लागेल, तारीख पुढे जाईल, याचीच धास्ती वाटते.

ज्यांच्या घरी हे झालंय किंवा जे डॉक्टर आहेत, त्यांनी सांगावं: ऑपरेशनआधी सीटी पुरेसा आहे का? आणि किंचित वाढलेलं एचसीजी निव्वळ डिसजर्मिनोमात असू शकतं, की मिश्र गाठ (सोबत बीजपेशींच्या कॅन्सरचा दुसरा प्रकारही असलेली) समजायची?