मदत हवी आहे: डाउन सिंड्रोम असलेली बहीण अचानक बोलेनाशी झाली आहे

नमस्कार. धाकटी बहीण, वय २२, डाउन सिंड्रोम. दिवाळीपर्यंत अंघोळ, वेणी, कार्यशाळेत पणत्या रंगवणं, रिक्षावाल्या काकांशी हुज्जत, सगळं स्वतः करायची. मग आजी गेली. दोघी एकाच खोलीत झोपायच्या. पाठोपाठ बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही भाड्याच्या घरात आलो.

आता दिवसभरात एखादा शब्द बोलली तर बोलली. अंघोळीला तांब्या खांद्यापर्यंत नेते आणि हात तिथेच राहतो, आई खाली घेईपर्यंत. घास तोंडात तसाच धरून ठेवते. रात्र रात्र जागी.

एका डॉक्टरांनी 'या मुलांचं असंच असतं' म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्यांनी अल्झायमर म्हटलं. डाउनमध्ये त्याचा धोका जास्त हे खरं, पण तो बहुधा चाळिशीनंतर दिसतो. बाविसाव्या वर्षी, तेही काही आठवड्यांत? मला पटत नाही. थायरॉइड, बी१२ नॉर्मल आहे. आताच्या न्यूरॉलॉजिस्ट मॅडम रिग्रेशन (येत असलेल्या गोष्टी सुटत जाणं) आणि कॅटाटोनिया (हालचाल, बोलणं गोठल्यासारखं होणं) म्हणताहेत, लोराझेपाम ही गोळी सुरू करू म्हणाल्या. आई 'झोपेच्या गोळ्यांची सवय लागेल' म्हणून अडून बसलीये.

कुणाच्या घरी असं झालंय का? गोळीने फरक पडला? शिवाय आत्याने तिला 'आजी गावाला गेलीये' असं सांगून ठेवलंय, ते कसं निस्तरायचं?

प्रतिसाद:
दादा, माझ्या भाच्याचं असंच झालं होतं, त्याची ताई लग्न होऊन गेल्यावर. हात अर्ध्यात थांबतो त्याचा व्हिडिओ काढून मॅडमना दाखवा, सांगून ते कळत नाही. कॅटाटोनियात लोराझेपाम झोपेसाठी नसतं. त्याने हालचाल, बोलणं मोकळं होतं का ते बघतात. हे आईंना मॅडमच्याच तोंडून ऐकू द्या. भाच्याला फरक पडला, पण हळूहळू. गोळीने भागलं नाही तर आयव्हीआयजी (शिरेतून अँटिबॉडी देणं), ईसीटी (भूल देऊन मेंदूला विजेचा हलका झटका) असे पुढचे उपाय आहेत. डोस मात्र आपल्या मनाने वाढवायचा नाही, एकदम बंदही करायचा नाही.

ती घोरते का? डाउनमध्ये झोपेत श्वास अडकण्याचा त्रास पुष्कळांना असतो आणि या औषधाने श्वास मंदावू शकतो. स्लीप स्टडीचं (झोपेतला श्वास तपासणारी चाचणी) आधी विचारा. खाणंपिणं सुटलं किंवा तापासोबत अंग ताठ झालं तर थेट इमर्जन्सी.

आजी वारली, परत येणार नाही, हे सरळ सांगा. गावाला गेलेलं माणूस परत येतं, म्हणून ती वाट बघत बसेल. फोटोला हार तिच्या हातून घालून घ्या.

धागाकर्ता:
घोरते, खूप. स्लीप स्टडीचं कुणी काढलंच नव्हतं. सोमवारी आईला घेऊनच जातो मॅडमकडे. आत्याशी आज रात्री बोलतो.